पेल्याच्या तळाची माती

सासूबाईंचा ताप उतरत नव्हता, आणि उद्या सकाळी त्यांना जे इंजेक्शन सुरू होणार होतं त्याची मला तापाहून जास्त धास्ती होती.

लघवीचा संसर्ग वर किडनीपर्यंत चढला होता. त्यात त्यांची एक किडनी आधीच आक्रसलेली. अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात उभा जन्म खारं पाणी पिण्यात गेला, त्यानं असेल किंवा आणखी कशानं. दुसरी कशीबशी गाडा ओढते. अमरावतीच्या आमच्या डॉक्टर अश्लेषा मॅडम यांनी जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासून घेतलं होतं. वापरता येतील अशी दोनच निघाली. एक सिप्रोफ्लॉक्सॅसिन, त्याच्या गोळ्या चालूच होत्या. दुसरं हे इंजेक्शन. तिसरं एक चाललं असतं, पण त्या जातीच्या औषधानं पूर्वी एकदा सासूबाईंचा गळा सुजून श्वास अडकला होता, तेव्हा ती वाट बंद.

"गोळीनं एव्हाना ताप उतरायला हवा होता," मॅडम म्हणाल्या. "का उतरत नाही ते मला कळत नाहीये. सोनोग्राफीत पू नाही, खडा नाही. पण आता थांबता येणार नाही. उद्या सकाळी भरती करा. इंजेक्शन किडनीला जड जातं, तेही सांगून ठेवते. कदाचित डायलिसिसवर न्यावं लागेल."

कदाचित हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला की पुढचं वाक्य मला ऐकूच येत नाही. माझा नवरा अश्विन नुसता मान हलवत राहिला. तो नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर यंत्रांच्या वरताण ओरडतो, पण डॉक्टरसमोर त्याचा आवाज बसतो.

"मॅडम, गोळी लागू पडत नाही, तर मग ती जाते कुठं?" मी विचारलं.

"तेच तर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

औषध जातं कुठं, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. तो सांगितला की समोरचा माणूस हळूच दुसरा विषय काढतो. पाण्यात आलेली अँटिबायोटिक्स मातीच्या कणांना कशी चिकटतात, एवढंच मी बघते. दवाखान्यांतून, कोंबड्यांच्या शेडमधून औषधं सांडपाण्यात येतात, तिथून नाल्यात आणि नदीत. तिथं आपली माती असते. तिचे कण पापुद्र्यांचे, पाणी प्यालं की फुगणारे. औषध त्या पापुद्र्यांत शिरतं आणि ठाण मांडून बसतं. मी बाटलीत पाणी घेते, त्यात औषध विरघळवते, चिमूटभर माती टाकून हलवते, गाळ बसू देते आणि वरच्या पाण्यात औषध किती उरलं ते मोजते. बहुतेक वेळा नावापुरतंच उरतं.

सासूबाईंना याची भारी गंमत. "माती कालवायले एवढं शिका लागते काय वं?" त्या म्हणायच्या. "आमच्या गावात कोनीबी कालवून देते."

माझ्या बाटल्यांमधलं औषधही सिप्रोफ्लॉक्सॅसिनच होतं. पण घरातल्या माणसाच्या पोटाचा आणि माझ्या बाटलीचा काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

घरी आलो. सासूबाई दिवाणावर गोधडी लपेटून पडल्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. अश्विन सुट्टीचं सांगायला कारखान्यात गेला आणि मी त्यांच्या उशाशी बसले. मला राहवेना.

"आई, तुमी गोळ्या बराबर घेऊन राहिल्या ना?"

त्यांनी डोळे उघडले. तापातही त्या डोळ्यांत अंगणवाडीची बाई जागी झाली.

"मी काय पंचफुला आहो काय?"

हे आमच्या घरातलं ठेवणीतलं वाक्य. सासूबाई, म्हणजे भागीरथाबाई, गावात अंगणवाडी सेविका होत्या. गेल्या वर्षीच निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. पंचफुला ही त्यांच्याकडे नाव नोंदवलेली एक गरोदर बाई. अंगात रक्त कमी, म्हणून सासूबाई तिला लोहाच्या गोळ्या देत. पण दर तपासणीला रक्त तेवढंच. गोळ्या खाते का, विचारलं की ती म्हणायची, खातो बाई. शेवटी सासूबाईंनी तिला सगळ्या बायांदेखत खोटारडी म्हटलं. पुढं दिवस भरायच्या आधीच तिचं मूल पोटातच दगावलं. गाव म्हणालं, गोळ्या उकिरड्यावर टाकल्या आणि लेकरू घालवलं. नवऱ्यानं तिला माहेरी, बाळापूरला धाडलं ते कायमचं.

ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकली होती की आमच्याकडे खोटं बोलणाऱ्याला पंचफुलाच म्हणतात. अश्विन उशिरा आला आणि बसची सबब सांगू लागला की सासूबाई म्हणणार, आला आमचा पंचफुला. आम्ही हसायचो. मीही हसायचे.

"तसं नाई म्हनत मी," मी म्हटलं आणि त्यांच्या हातात दुपारची गोळी आणि पाण्याचा पेला दिला. त्यांनी गोळी माझ्यासमोर तोंडात टाकली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

परत येऊन पेला उचलला तर तळाशी पांढुरका थर होता.

आमच्याकडचं पाणी फिल्टरचं. त्यात गाळ येणार कुठून? मी थर बोटावर घेतला. चिमटीत चोळला तर साबणासारखा गुळगुळीत लागला. नाकाशी नेला तर नुकत्याच पोतारलेल्या भिंतीचा वास. खेड्यात भिंती सारवायला जी पांढरी माती वापरतात, ती. हा गुळगुळीतपणा माझी बोटं झोपेतही ओळखतील, रोज त्यातच असतात ती.

आता विचारायचं कसं? ज्या बाईनं अख्खी नोकरी "बायांनो, माती खाऊ नका" असं सांगण्यात घालवली, जिच्या अंगणवाडीच्या भिंतीवर तेच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, तिला सुनेनं विचारायचं की आई, तुम्ही माती खाता का? आणि माझा अंदाज चुकला तर? आधीच मी अश्विनला अरेतुरे करते, कॉलेजपासूनची सवय, तेच त्यांना अजून पचलेलं नाही. पण उद्या सकाळी ते इंजेक्शन होतं. मी पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आई, हे काय होय?"

"फिल्टर बिघडला असन तुहा."

"फिल्टर नाई बिघडला."

"मंग मले काय विचारतं?" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मला रागच आला. जीवावर बेतलेलं आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्यांच्या पिशवीत जांभळ्या औषधाची बाटली कायम असायची. लहान पोरांचं तोंड आलं की लावायचं ते औषध; नोकरी सुटली तरी बाटली सुटली नव्हती. मी ती काढली, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात दोन थेंब टाकले. पाणी वांग्याच्या सालीसारखं झालं.

"आता माती द्या."

"कोनती माती?"

"आई, उद्या थे इंजेक्शन देनार हायेत. तुमची किडनी जाईन. मले भेव लागून राहिलं. द्या ना."

त्या वळल्या. माझ्याकडे पाहिलं आणि कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढून माझ्या हातावर ठेवली. आत सुपारीएवढे पांढरे खडे होते.

"गोळीनं मळमळते," त्या भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या. "चिमूटभर कालवून पेली का पोट बसते. अन् तुमच्या इथल्या पान्याले चवबी नाई."

"कवापासून खाता?"

"अश्विन पोटात होता तवापासून."

मी एक खडा चुरून ग्लासात टाकला आणि चमच्यानं ढवळत राहिले. गोड्या पाण्यात माती लवकर बसत नाही, म्हणून चिमूटभर मीठ टाकलं. खारपाणपट्ट्यात गढूळ पाणी झटकन निवळतं ते याच कारणानं. ग्लास खिडकीत ठेवला. सासूबाई उठून बसल्या होत्या. आम्ही दोघी ग्लासाकडे बघत होतो. हळूहळू गाळ खाली गेला. वर पाणी राहिलं, स्वच्छ, आरपार दिसणारं. जांभळा रंग सगळा तळाच्या मातीत.

"रंग कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"मातीनं धरला. तुमची गोळीबी ती अशीच धरते. पोटात जाते अन् मातीसंग तशीच बाहेर निघून जाते. रक्तात उतरतच नाई. म्हनून ताप हटून नाई राहिला."

माझा अंदाज होता की त्या वाद घालतील. त्यांनी घातला नाही. त्या ग्लासाकडे बघत राहिल्या, इतक्या की मला वाटलं ग्लानी आली. मी ग्लास उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे थो तिथंच." आणि मग, "अश्विनले सांगू नको."

मी नाही सांगितलं.

सकाळी दवाखान्यात सलाईन लावायला दामिनी सिस्टर आली. ती सासूबाईंच्याच गावची, त्यांच्याच अंगणवाडीत वाढलेली. "जयभीम बाई," म्हणून तिनं सासूबाईंच्या कपाळावर हात ठेवला. आता हिच्यासमोर सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर. अश्लेषा मॅडम आल्या. इंजेक्शन ट्रेमध्ये तयार होतं. अश्विन आईच्या पायाशी उभा. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"मॅडम, एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "मळमळीवर म्हणून मी त्यांना पाण्यातून माती देत होते. गोळीसोबतच."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. "तुम्ही? तुमचा विषय काय आहे ते सांगितलं होतं ना मला तुम्ही?"

"हो."

"आणि तरी?"

दामिनीनं मान खाली घातली. अश्विनच्या कपाळाची शीर फुगली. मी सासूबाईंकडे पाहिलं. आता तरी त्या एक शब्द बोलतील, नाही माधवीनं नाही, एवढं तरी म्हणतील असं मला वाटलं. त्या छताकडेच बघत होत्या. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मॅडमनी ट्रे बाजूला सारला. "तेच औषध सलाईनमधून देऊ. पोटात जायचा प्रश्नच नाही. पण मी जास्त थांबणार नाही. तुमचं म्हणणं खरं नसेल तर या वेळात संसर्ग रक्तात पसरेल आणि मग किडनीचं सोडा, बाई हाती लागणार नाहीत. समजतंय ना?"

समजत होतं. तेवढंच समजत होतं.

बाहेर बाकावर अश्विन माझ्याशेजारी बसला, पण अंतर ठेवून. "तू याच्यातच पीएच.डी. करून राहिली ना?" एवढंच बोलला. खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण काचेतून सासूबाईंचा सलाईन लावलेला हात दिसत होता, आणि मी तोंड बंद ठेवलं. बाटलीत माती आणि पाणी असतं, माणूस नसतो. पोटात आम्ल असतं, अन्न असतं. माझ्या बाटलीत जे घडतं ते त्यांच्या पोटात घडलंच असेल कशावरून? जांभळ्या रंगावर मी त्यांचा जीव लावला होता.

दिवस कलताना थंडी वाजून आली. खाट हलायला लागली. ताप आदल्या दिवसाहून वर गेला. मॅडम आल्या, नाडी पाहिली, ओठ आवळून उभ्या राहिल्या. "सकाळी बघू," म्हणाल्या, आणि इंजेक्शनचा ट्रे कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवून गेल्या. मी त्या ट्रेकडे पाठ करून बसले. अश्विन आईचे तळपाय चोळत होता. माझ्याशी तो बोलत नव्हता आणि मला त्याचा रागही येत नव्हता, इतकी मी घाबरले होते. आपण शिकलो नसतो तर बरं झालं असतं, इंजेक्शन देऊन मोकळे झालो असतो, असंही वाटून गेलं.

पहाटे सासूबाईंना घाम फुटला. दामिनीनं तीनदा चादर बदलली. थर्मामीटर काढून तिनं आधी स्वतः पाहिलं, मग माझ्यासमोर धरलं. ताप उतरत होता.

मॅडम आल्या तेव्हा ट्रे त्यांनी स्वतः उचलून आत नेला. रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी होती तिथंच होती, खाली गेली नव्हती. अश्विन बाहेर जाऊन खूप वेळ नळाखाली तोंड धूत राहिला. मी सासूबाईंच्या खाटेला डोकं टेकून रडले. रडू आलं तेव्हा कळलं की आदल्या दिवसापासून मी नीट श्वासही घेतला नव्हता.

दुपारी त्यांनी पेज मागितली. मी चमच्यानं भरवत होते. अश्विन खिडकीशी उभा होता, दामिनी सलाईनची नळी नीट करत होती. दोन घास खाऊन सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"माधवी, लोहाची गोळीबी धरते काय वं माती?"

माझा चमचा वाटीत तसाच राहिला. त्या जांभळ्या ग्लासाकडे त्या इतका वेळ काय बघत होत्या, आणि काल सगळ्यांसमोर का बोलल्या नाहीत, ते मला त्या एका प्रश्नात कळलं. मी त्यांना मनात नाही नाही ते म्हटलं होतं. त्या तिथं नव्हत्याच. त्या ग्लासासमोरून उठल्याच नव्हत्या.

नाही म्हणता आलं असतं. तापातून उठलेल्या माणसाला खोटं सांगायला काय लागतं? पण त्यांचा हात माझ्या मनगटावर होता.

"धरते, आई."

"सारी?"

"सारी नाई. पन बरीच धरते. अन् पोटातल्या बाळाले तर थोडंबी कमी पडून चालत नाई."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"पंचफुलाले गोळीनं लय मळमळे," त्या म्हणाल्या. "घास ठरत नव्हता पोटात. मीच म्हनलं, गोळी घेतली का वरून एवढीशी चाखत जाय. सांगजो नको कोनाले. माह्या पिशवीतली देल्ली होती. दर येळी मीच देल्ली."

अश्विन खिडकीकडून वळला होता.

"अश्विन, तुह्या बायकोनं काई नाई देल्लं मले. माती मी खातो. तू पोटात होता तवापासून. तिनं माह्यासाठी बोलनी खाल्ली अन् मी आयकत पडली." मग त्यांनी दामिनीकडे पाहिलं. "दामिनी, पंचफुला तुही मावशी लागते ना? फोन लाव तिले."

"आत्ता, बाई? बरं वाटू द्या ना आधी."

"लाव म्हनलं ना."

दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सासूबाईंच्या एका हातात सलाईन होतं आणि दुसऱ्यानं त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशीवर ठेवला. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून थकलेला, घाईतला आवाज आला, "कोन?"

"पंचफुले, मी भागीरथा बोलतो. अंगनवाडीची." "त्या गोळ्या तू खात होती. तू खोटं नव्हती बोलत."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. दामिनीनं वाकून फोन लागलेला आहे ना ते पाहिलं.

"मी तर सांगतच होती, बाई," पंचफुला म्हणाली.